वाघावरून कासवाकडे वळलेला कॅमेरा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले संचालक मंडळाचे सदस्य, आजचे सत्कारमूर्ती आणि आज निवृत्त होणारे आपल्या प्राणिसंग्रहालयाचे सायबर सुरक्षा अधिकारी, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीतून आलेल्या अध्यक्षांच्या मातोश्री, माझे सर्व सहकारी, आणि आमंत्रण नसताना मागच्या खिडकीत येऊन बसलेली दोन माकडं, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मी इथला जनावरांचा डॉक्टर. माझे पेशंट माझं बोलणं कधी ऐकून घेत नाहीत. त्यामुळे एवढी मंडळी गप्प बसून ऐकतायत हे बघून मला धडकीच भरली आहे. संयोजकांनी मला बाजूला घेऊन बजावलंय, "डॉक्टर, साहेबांचा गुणगौरव करा आणि खाली बसा. ती कासवाची गोष्ट काढू नका." मी शब्द दिलाय. तेव्हा गुणगौरवच करतो.

साहेब रुजू झाले त्या दिवशी अध्यक्षांनी त्यांना ठणकावून सांगितलं, "आपल्या कॉम्प्युटरांत एकही हल्लेखोर शिरता कामा नये." साहेबांनी शांतपणे विचारलं, "कशाला शिरेल तो?" अध्यक्ष गोंधळले. साहेब म्हणाले, "त्याला हवंय काय, ते आधी कळू द्या. मग कुलूप कुठे लावायचं ते बघू." तेव्हापासून आम्ही त्यांना कशालासाहेब म्हणतो. कॅन्टीनमध्ये मी चहा मागवला तरी विचारायचे, "कशाला? तल्लफ आलीय, की काम टाळायचंय?" वहिनी हसतायत, म्हणजे घरीही हेच चालत असणार.

आम्हाला त्यांनी शिकवलं ते पिंजऱ्यांसमोर उभं करून. एकदा माकडानं आमच्या अकाउंटंटचा चष्मा पळवला. अकाउंटंट बोंबा मारतायत, आणि साहेब आम्हाला विचारतायत, "माकडाला चष्मा लावून पेपर वाचायचाय का? नाही. त्याला केळं हवंय. तुमच्या फायली अडकवून पैसे मागणारा तो हाच. केळं दिलंत, की उद्या दुसऱ्याचा चष्मा गेलाच म्हणून समजा. त्यापेक्षा घरी दुसरा चष्मा करून ठेवा." मोरासमोर म्हणाले, "याला काही न्यायचं नाही. आपण आलो होतो एवढं चार लोकांना दिसलं, की झालं. त्याला टाळ्या देऊ नका." उंट म्हणजे अपमान करून नोकरीवरून काढलेला माणूस. त्याच्याकडून जाताना किल्ली मागून घ्यायची, आणि गोड बोलून घ्यायची. उंदराचं आपल्याशी वैर नसतं. त्याला भोक दिसलं की तो घुसतो, तेव्हा भोकं बुजवायची. हे ऐकताना उंट आमच्या अकाउंटंटवर थुंकला, पण तो वेगळा विषय आहे.

आता तुम्ही म्हणाल, या ज्ञानाचा उपयोग काय झाला? झाला ना. आपल्या वाघाच्या कॅमेऱ्याचंच... नाही, ही कासवाचीच गोष्ट झाली. पण आता अर्धी बाहेर आलीच आहे, तर आत कशी ढकलू?

वाघाच्या पिंजऱ्यावर आपला कॅमेरा आहे, आणि त्यातून लोक घरबसल्या वाघ बघतात. हा कॅमेरा रोज दुपारी आपोआप फिरायला लागला. वाघावरून वळायचा आणि शेजारच्या कासवावर जाऊन थांबायचा. संचालक मंडळाची तातडीची बैठक झाली. एक सदस्य म्हणाले, "वाघावरची नजर हटवतायत. वाघ चोरीला जाणार!" दुसऱ्यांना यात परकीय शक्तींचा हात दिसला. मी विचारलं, "परकीय शक्तींना आपलं कासव कशाला?" तर म्हणाले, "तीच तर गोम आहे." शेवटी कॉम्प्युटरशेजारी दंडुका घेऊन एक रखवालदार बसवला. दुपारी त्याच्या डोळ्यांदेखत कॅमेरा फिरला. त्यानं कॉम्प्युटरला दरडावून पाहिलं, पण काही उपयोग झाला नाही.

इथपर्यंत हसू येतं. पण कॅमेरा ज्या कॉम्प्युटरवरून चालतो तो तिकीट खिडकीत आहे, आणि खिडकीवर बसतात आमच्या ताई. पासवर्ड त्यांच्याकडे होता, म्हणून संशयही त्यांच्यावरच आला. त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. शनिवारपर्यंत समाधानकारक खुलासा झाला नाही तर नोकरी जाणार. त्यांच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. आणि खुलासा करणार कसला? कासवाकडे कॅमेरा का वळतो हे कासवाला तरी माहीत होतं का? ताई तिकिटं फाडता फाडता डोळे पुसायच्या, आणि मला त्या नोटिशीचा भयंकर राग आला होता.

ताईंवर ठपका ठेवणाऱ्या चौकशी अहवालावर साहेबांनी सही करायचं नाकारलं. डबा घेतला आणि कासवासमोरच्या बाकावर जाऊन बसले. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की कासवापुढे काकडी आणि पाला ठेवला की कॅमेरा वळतो, आणि शेवटची फोड संपली की मुकाट्यानं परत वाघाकडे जातो. एवढा सभ्य हल्लेखोर त्यांनीही पाहिला नव्हता. मला येऊन म्हणाले, "डॉक्टर, याला वाघ नको, पैसे नकोत, नाव नको. याला कासवाचं जेवण बघायचंय. उद्या कासवाला सकाळीच जेवायला घातलं तर चालेल?" मी म्हटलं, "कासवाची ना नाही." तोवर ते झोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिकीट खिडकीतच कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. कॅमेरा वळला. समोर रिकामं ताट, आणि कासव मान आत घेऊन पडलेलं. कॅमेरा खाली गेला, वर गेला, पुन्हा खाली आला. कॅमेऱ्याची एवढी घालमेल मी आयुष्यात पाहिली नव्हती. आणि मग तिकीट खिडकीतला फोन वाजला.

"अहो, ते कासव का जेवत नाहीये? आजारी आहे का? तुमचा डॉक्टर काय करतो मग?"

ताईंनी फोन साहेबांकडे दिला. साहेब म्हणाले, "ते सकाळीच जेवलं, आजी. तुमचं झालं का?"

पलीकडून आवाज आला, "ताट समोर आहे. पण एकटीच्या गळ्याखाली घास उतरत नाही हो. वाघ मेला दुपारभर लोळत असतो. कासव कसं सावकाश जेवतं, तेवढीच मला सोबत होते. इथे घरात ज्याला त्याला घाई. आई, आटप. आई, आटप."

"पण तुम्ही कॅमेरा फिरवता कसा?"

"त्यात काय अवघड? तुमचे सगळे पासवर्ड म्हणजे पिंजऱ्यांवरच्या पाट्यांवरची जनावरांची नावं म्हणे, विसरलं की जाऊन वाचायचे. वाघाच्या मागे पाटी दिसतेच की. माझा मुलगाच जेवताना फुशारकीनं सांगत होता."

"मुलगा काय करतो आजी?"

अध्यक्ष महोदय, आपण थोडं पाणी घेता का?

तर त्या संध्याकाळी साहेबांनी सगळे पासवर्ड बदलले. आजींचा हेतू चांगला होता, पुढच्याचा असेलच असं नाही. मग ते अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेले. मी मागोमाग होतोच.

"हल्लेखोर सापडला?"

"सापडला."

"केवढी टोळी आहे?"

"एकट्याच आहेत."

"मागणी काय आहे?"

"दुपारी जेवताना कुणीतरी शेजारी बसावं."

"मी आत्ता पोलीस पाठवतो!"

"पोलीस कशाला? तुम्हीच जा. पत्ता तुमच्या घरचा आहे."

अध्यक्ष महोदय, यापुढचं सगळं आपल्या गौरवाचंच आहे, तेव्हा मान वर करायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे अध्यक्ष तिकीट खिडकीच्या रांगेत उभे होते. नंबर आल्यावर नोटीस फाडून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, माझं चुकलं." ताई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "साहेब, मागे लोक खोळंबलेत. तिकिटं किती?"

"दोन. एक माझं, एक आईचं."

हल्लेखोर त्या दिवशी पहिल्यांदा मुख्य फाटकातून आत आल्या. कासवासमोर बाकाशेजारी खुर्ची लावली, डबा उघडला. आईंनी एक घास घेतला, कासवानं काकडीची एक फोड. अध्यक्षांचा फोन खिशात वाजून वाजून गप्प झाला. बैठकीसाठी सगळं संचालक मंडळ वर ताटकळत होतं. त्या बाकावर मात्र कुणी कुणाला आटप म्हणालं नाही.

साहेब, तुम्ही आमच्या कॉम्प्युटरांचं रक्षण केलंत, त्याचे आभार कार्यालय मानेलच. ताईंची नोकरी राखलीत, त्याचे आभार मी मानतो. उद्यापासून घरी असाल, तेव्हा वहिनींना "कशाला" विचारताना जरा बेतानं घ्या. सभागृहानं माझं एवढं ऐकून घेतलं, कुणी थुंकलं नाही, याबद्दल ऋणी आहे. बोलण्याच्या भरात मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर जनावरांत राहणारा माणूस म्हणून पदरात घ्या. आजींची माफी मात्र मागत नाही. मुलाला व्यासपीठावरून खाली बोलावून, त्याचा हात धरून त्या मघापासून सगळ्यांत मोठ्यानं हसतायत.

नमस्कार.