तात्याबाचा माईक

ऐकतोय की, सुभेदार. एक कान तुमच्याकडं, एक त्या कर्ण्याकडं — मागच्या गल्लीत, मारुतीच्या देवळात बायकांचं भजन चाललंय न्हवं? ह्यो आवाज आमच्या राहीचा. बायकू माझी. पयल्यांदाच माईकवर गातीया. आन् माईक माझा — दुकानातल्या ह्याच फळीवरचा. मीच बसणार हुतो आवाजाच्या मशीनपाशी, पर तुमी साताऱ्यासनं येष्टीनं जुनं माईक बगाय सांगलीला आलासा, मग मेव्हण्याला बसवलं, सिद्धूला. त्याला काय कळतंय म्हणा.

भ्या? व्हय, वाटतंय की. हसू नका. तुमी लढाई बगितली, पर माईकला चिकटलेला माणूस बगितला न्हाई. मशीनची पिन बोर्डात उलटी बसली की करंट माईकच्या अंगात उतरतो. म्हणून आमच्यात रीत हाय — आदी माईकवाल्यानं उलटा हात लावून बगायचा, मग गाणाऱ्याला द्यायचा. उलटा का? झटका बसला की मूठ मिटती, सुटत न्हाई. सिद्धूला सांगितलंय मी. दोनदा सांगितलंय. — थांबा. हां, गातीया. देवळाचा ओटा आत्ताच धुतलाय, आन् ही अनवाणी. देवापुढं चप्पल कशी घालंल?

माईक लय देखणा वो. पाटणच्या तात्याबाचा, माईक भाड्यानं द्यायचा त्यो. दुष्काळात धंदा मोडला, म्हातारा वारला, माईक भंगारात. मी आणला, जाळीचा गंज काढला, वायर नवी वढली. आन् धरायच्या जागी वायरला लावत्यात तसली काळी पट्टी गुंडाळलेली, थरावर थर, वरनं मळ — नुसतं ध्यान. सगळी सोलली. खालचं निकल असं चमकलं — राही म्हणाली, मी ह्योच धरणार.

कशापायी गुंडाळली म्हणता? सवय असंल म्हाताऱ्याची. मूठ बसाय बरी पडत असंल... न्हाई. तात्याबा उगंच काय करायचा न्हाई. पिन कशी बी बसू दे, धरणारा वाचला पायजे, म्हणून —

आन् ती मी सोलली. दिसाय बरं दिसावं म्हणून सोलली.

सुभेदार, दारातनं सरका. न्हाई, सायकल नगं, पळतच जातो. गातीया अजून, ऐकतासा न्हवं, गातीया — आतापतुर माईक स्टँडवर असंल, पर ह्या कडव्याला ती डोळं मिटून त्यो घट्ट धरंल, मला ठावं हाय —

अर्ध्यातच गप झाली.

लाईट गेली असंल. लाईटच गेली असंल वो...

मग आपला ह्यो बल्ब कसा जळतोय?