तीन वाजून नऊ मिनिटं

मुलगी : वाचून दाखवू का, बाबा?

वायरमन : डोळ्यांना काही झालेलं नाही. हात भाजलाय. ठेव इथं उशीवर. हं... "सदर कर्मचाऱ्याने वरिष्ठांना न कळवता स्विच चालू केला." सदर कर्मचारी म्हणजे मी?

मुलगी : कागदाची भाषा असते ती. सगळ्यांचंच तसं लिहितात.

वायरमन : आणि वरिष्ठ म्हणजे तू.

मुलगी : बाबा, प्लीज.

वायरमन : नाही, समजून घेतोय. एकतीस वर्षं खांबावर काढली, सदर कर्मचारी कधी झालो नव्हतो.

मुलगी : डॉक्टर काय म्हणाले?

वायरमन : दोन बोटं गेली. उरलेली तीन गुण्यागोविंदानं नांदतील म्हणाले. विषय बदलू नकोस.

मुलगी : माझी योजना चुकीची नव्हती. संध्याकाळी सातला सगळी वसाहत घरात. एसी, शेगड्या, गिझर, आणि त्यावर नव्वद गाड्या चार्जिंगला. ट्रान्सफॉर्मर रडकुंडीला आलाय, हे तुम्हीच सांगत होतात. दुपारी उन्हाची वीज भरपूर असते, म्हणून तीन ते पाच निम्मा दर लावला. सकाळची पाळी अडीचला सुटते, गाड्या दारात उभ्या असतात. यात काय चुकलं?

वायरमन : काही नाही. फक्त माणसं कशी असतात ते धरायचं राहिलं. तीनपासून निम्मा दर म्हटल्यावर सव्वातीनपर्यंत कोण थांबतंय? नव्वदच्या नव्वद जणांनी टायमर तीनच्या ठोक्याला लावला. आधी निदान मागेपुढे व्हायचं. कोणी चहा पिऊन गाडी लावायचा, कोणी साफ विसरायचा. तेवढाच तारेला दम खायला मिळायचा. तू लोकांचं विसरणंच काढून टाकलंस.

मुलगी : तुम्ही म्हणाला होतात.

वायरमन : म्हणालो नव्हतो, लिहून दिलं होतं. विषम नंबरची घरं तीनला, सम नंबरची चारला. कुठाय तो कागद?

मुलगी : माझ्या ड्रॉवरमध्ये.

वायरमन : पुढे का नाही गेला?

मुलगी : पाठकोऱ्या बिलावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, बाबा. साहेबांपुढे कसा ठेवणार?

वायरमन : टाइप करायचा. खाली स्वतःचं नाव घालायचं. मी काय भांडायला आलो असतो?

मुलगी : खरं सांगू? लाज वाटली मला. म्हणाले असते, इंजिनिअर झाली तरी वायरमन बापाच्या सांगण्यावर चालते.

वायरमन : बरं झालं बोललीस. आल्यापासून एवढं एकच खरं बोललीस.

मुलगी : असं नका ना बोलू.

वायरमन : मग कसं बोलू? तीनला फ्यूज उडाला. मी मेन स्विच बंद केला, नवी तार घातली आणि तुला फोन लावला. काय म्हणालो?

मुलगी : लोकांना गाड्या काढायला सांग, म्हणालात.

वायरमन : कशासाठी?

मुलगी : वीज आली की सगळ्या गाड्या पुन्हा एकदम ओढायला लागणार, म्हणून.

वायरमन : आणि तू?

मुलगी : हॉलमध्ये बाहेरचे पाहुणे बसले होते, बाबा. पडद्यावर आपल्याच वसाहतीचा आलेख चालू होता. रेष धाडकन खाली आली आणि मोठे साहेब माझ्याकडे बघायला लागले...

वायरमन : काय म्हणालीस?

मुलगी : आत्ताच्या आत्ता चालू करा.

वायरमन : "वायरमन, आत्ताच्या आत्ता चालू करा." चारचौघांत होतीस, कळलं मला. नोकरीला लागलीस त्या दिवशीच ठरलं होतं आपलं, ऑफिसात मी मॅडम म्हणायचं नि तू वायरमन. कौतुक होतं गं मला त्याचं. कँटीनमध्ये सांगत सुटायचो, माझीच पोरगी मला हुकूम सोडते म्हणून. दुसरा कुणी इंजिनिअर असता ना, तर हो हो म्हणून फोन ठेवला असता आणि अर्धा तास बिडी ओढत बसलो असतो. तुझा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता, म्हणून स्विचला हात घातला, आणि भडका उडाला.

मुलगी : तुमचे निवृत्तीला चार महिने राहिलेत. तुमच्यावर आलं तर एक ताशेरा, बस. माझ्यावर आलं तर माझं सगळं संपलं. तुम्हीच शिकवलंत ना मला, दिवसरात्र खांबावर चढून?

वायरमन : हे तुझं तू ठरवलंस, की साहेबांनी पढवून पाठवलंय?

मुलगी : साहेब म्हणाले, तुझं ऐकतील.

वायरमन : बरोबर ओळखलं त्यांनी. पण माझ्या फोनमध्ये तो कॉल आहे. तीन वाजून नऊ मिनिटं.

मुलगी : माहितीये. काढून टाकाल?

वायरमन : मला कुठे जमतं? तूच काढ. कुलूप उघडायला तुझी जन्मतारीख टाक.

(ती उशाशी ठेवलेला फोन उचलते. जन्मतारीख टाकते.)

मुलगी : झालं.

वायरमन : आता सही. उजव्या हातानं तर व्हायची नाही. शाईचं पॅड आणलंयस?

मुलगी : हो.

वायरमन : म्हणजे घरूनच ठरवून निघालीस. घे, डावा अंगठा. नीट दाब, पुसट येईल.

मुलगी : बाबा, उद्यापासून वेळा बदलतोय आम्ही. विषम घरं तीनला, सम चारला.

वायरमन : टाइप केलंस?

मुलगी : केलं. सकाळीच.

वायरमन : छान. आता नाही उडायचा फ्यूज.

नर्स : चला, भेटायची वेळ संपली. बाई, या रजिस्टरमध्ये तुमचं नाव नि नातं लिहा. काका, मुलगी का तुमची? तोंडवळा अगदी तुमचाच आहे हो.

वायरमन : छे, छे. ऑफिसातल्या मॅडम आहेत.