मूठभर अक्षता आणि आकाशातलं यंत्र

मंडळी, सावरून बसा, आणि मला एवढंच सांगा – कुणी ऐकत नसेल तर सांगत राहावं की गप्प बसावं? घाई नको. आधी द्वारकाबाईंची गोष्ट ऐका.

साताऱ्याच्या या द्वारकाबाईंचं रविवारचं व्रत. सूर्याची कहाणी कुणाला तरी ऐकवायची, ऐकणाऱ्यानं मुठीत अक्षता धरायच्या, मगच दिवस मावळायच्या आत जेवायचं. एकोणीस वर्षं शेजारच्या मथूताई ऐकत होत्या. त्या लेकीकडे नाशिकला गेल्या. उरली कोण? सून ऋजुता – एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात मोबाइल! (हसू नका, तुमच्याही घरी हेच.)

त्या रविवारी ऋजुता टीव्हीवर आकाशयानांची मालिका बघत होती. म्हणाली, "आई, आधी माझा भाग बघा, मग तुमची कहाणी ऐकते." द्वारकाबाई उपाशीच, सुनेला द्यायच्या अक्षता मुठीत घेऊन बसल्या.

काय बघितलं त्यांनी? अफाट काळोख! त्यात एकच यान. आतली माणसं शेकडो वर्षांच्या झोपेत, जागं फक्त एक यंत्र. ते रोज पृथ्वीला निरोप धाडतं – सगळे सुखरूप आहेत. उत्तर नाही. तीनशे वर्षं उत्तर नाही! आणि शेवटी, कुठून कोण जाणे, एक बारीकसा आवाज येतो – "ऐकते आहे. पुढे सांग."

भाग संपला. ऋजुताचे डोळे भरले होते. लोक म्हणतात या भागात काही घडतच नाही, ती सांगू लागली, पण अख्ख्या मालिकेत हाच खरा. "कुणी आहे की नाही, ठाऊक नाही. तरी ते एक दिवस चुकवत नाही, आई."

द्वारकाबाईंचा हात आपोआप उठला आणि कहाणी संपल्यावर वाहतात तशा अक्षता त्यांनी टीव्हीपुढे वाहिल्या! मग भानावर आल्या. स्वतःची कहाणी तर राहिलीच. ऊन समोरच्या कौलांवर चढलेलं. आता कुठला वेळ पुरायला!

"मोडलं गं व्रत," त्या पुटपुटल्या.

ऋजुतानं टीव्ही बंद केला. मोबाइल आतल्या खोलीत ठेवून आली. नव्या अक्षता मुठीत घेऊन सासूसमोर जमिनीवर बसली.

"ऐकते आहे," ती म्हणाली. "पुढे सांगा."

मंडळी, एकोणीस वर्षांची पाठ कहाणी, पण त्या दिवशी बाई ती सुनेकडे बघत, सावकाश सांगू लागल्या. अर्ध्यावर ऋजुतानं विचारलं, मग कहाणीतल्या त्या राणीनं काय केलं? इतक्या वर्षांत असं कुणीच विचारलं नव्हतं, मथूताईंनीसुद्धा! कहाणी संपली, सुनेनं अक्षता वाहिल्या, तेव्हा कौलांवर उन्हाची बोटभर कड उरली होती. पहिला घास त्या उजेडात पोटात पडला.

आता तुम्ही. तुमच्याही घरात कुणीतरी रोज तेच ते सांगतंय – गुडघ्याचं, गावाकडचं, गेलेल्या माणसाचं. त्यांच्या भोवती किती काळोख आहे, बघितलाय कधी? आज घरी गेलात की समोर बसा. मूठ रिकामी असली तरी चालेल. दोनच शब्द म्हणा – पुढे सांगा.