ताजा काठ

तिरुवैयारूहून, ओरत्तनाडूहून उन्हातान्हात आत्याला निरोप द्यायला आलेल्या मंडळींनो, तुम्हांस नमस्कार. माझा आवाज कापतोय. रडण्यानं नव्हे, भीतीनं. सांभाळून घ्या.

कमलात्या, माझ्या अप्पांची थोरली बहीण, जन्मभर चंद्रावरची विवरं अभ्यासत राहिली. तुम्ही तिला भित्री म्हणत होता. होतीच ती भित्री. पूर ओसरला की कालव्याच्या काठावर आम्हां पोरांना पाऊल टाकू द्यायची नाही. म्हणायची, ताजा काठ आहे, अजून बसला नाही.

गेली काही वर्षं ती एकाच विवराच्या मागे होती. तरुण विवर. उल्का आदळून उडालेला चुरा भोवती अजून पांढराशुभ्र, कड धारदार, तळाशी वितळून थिजलेला सपाट खडक. त्या तळावर आमचं यान उतरवायचं घाटतंय. जागा सगळ्यांना आवडली. आत्याला नाही.

मी विचारलं, का गं आत्या? तिनं दारात कोलमची रांगोळी घालायचं तांदळाचं पीठ ताटात जाड पसरलं आणि वरून चिंचोका टाकला. खड्डा पडला, भोवती पिठाचे फराटे उमटले. मग ताटाला नुसती टिचकी मारली. खड्ड्याची भिंत घसरून तळात आली. म्हणाली, तळ सगळेच बघतात गं, तू भिंत बघ.

मी बघितली. फोटोत त्या भिंतीवरून घरंगळलेल्या धोंड्यांचे माग दिसतात. अजून बुजलेले नाहीत, म्हणजे धोंडे हल्लीच सुटलेत.

यान कुठे उतरवायचं ते ठरवणाऱ्या बैठकीत ती एकटीच ‘नाही’ म्हणायची. आता कोण म्हणणार? तिच्या हाताखाली शिकले, म्हणून सोमवारी तिच्या जागी मला बसायचंय. मोठ्या माणसांसमोर मी मान डोलावून परत येईन, याचीच भीती वाटते. आस्पत्रीत तिच्या खाटेशी बसून तिला हे सांगितलं. म्हणाली, भी की. भ्याल्याशिवाय काठ कळत नाही. पण बोल.

बैठकीत इंग्रजीत बोलायचं आहे. आधी तुमच्यासमोर घरच्या भाषेत बोलून बघते.

त्या विवरात उतरू नका. भिंत अजून बसली नाही.

बोलले. 

सुतक आहे, दारात कोलम नाही. पिठाचा डबा तिनं ठेवला तिथेच आहे. चला, उभे राहू आणि थोडा वेळ गप्प राहू. चंद्रावर हवा नाही, धोंडा सुटला तरी आवाज होत नाही. तेवढं गप्प राहू.

आत्या, नमस्कार करते. सोमवारी मी गप्प राहणार नाही.