मनिषाच्या रक्तात उगवलेल्या जंतूबाबत

पुरवणी जबाब
पोलीस ठाणे सिरसाळा, ता. परळी वैजनाथ, जि. बीड

मी, छबुबाई आश्रुबा राऊत, वय आधार कार्डावर अडुसष्ट, खरे कोणालाच माहीत नाही, धंदा शेतमजुरी, शिक्षण दुसरी, तीही अर्धी, रा. माळवस्ती, सिरसाळा शिवार. आज पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता आले असून महिला हवालदार वनिता मॅडम यांच्यासमोर सांगते की,

वरील ठिकाणी मी, माझा मुलगा समाधान व सून मनिषा असे राहत होतो. मनिषा गेल्या महिन्यात बाळंतपणानंतर मोठ्या सरकारी दवाखान्यात वारली. तिला मुलगी आहे, ती जिवंत आहे. मनिषाच्या मरणाबाबत समाधानने उपकेंद्राच्या सिस्टर ज्योत्स्ना वाघमारे यांच्याविरुद्ध तक्रार दिली. समाधान बाळंतपणाच्या वेळी कारखान्यावर होता, त्याने काही पाहिले नाही. मी जे सांगितले ते त्याने लिहून दिले. मीही त्याच वेळी जबाब दिला की, सिस्टरने हात न धुता बाळंतपण केले, घाणेरडी हत्यारे वापरली, त्यामुळे सुनेला जंतू झाला. तो जबाब खोटा आहे.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, घाबरू नका, सरळ सांगा." मी म्हणाले, "सरळच सांगतीय. वाकडं होतं ते मागल्या येळीच सांगून झालं."

सिस्टरने हात धुतले होते. मी खोलीच्या दारात उभी होते. ती इतका वेळ हात धूत होती की मीच म्हणाले, "अगं बाई, लेकरू भाईर येऊन चालाया लागंल, आटप." ती हसली. रबरी मोजे नवीन पाकिटातून फोडून घातले. बाळंतपण सुखरूप झाले, खाली थोडे टाके पडले. घरी सोडताना तिने मला समोर बसवून सांगितले की टाक्यांना कोणी हात लावायचा नाही, तेल लावायचे नाही, नुसत्या स्वच्छ पाण्याने तिचे तिनेच धुवायचे, ताप आला तर त्याच दिवशी मला फोन करायचा. तिने आपला नंबर मनिषाच्या मोबाइलमध्ये घालून दिला. मी तिला म्हणाले, "माझी सात बाळंतपणं झाली तवा तू कुठं हुतीस?" ती म्हणाली, "आजी, सातातली जगली किती?" दोन जगली. त्याचा मला राग आला होता, हे मॅडमनी विचारले म्हणून सांगते.

आमच्या वस्तीवर बाळंतिणीला न्हाऊ घालायचे काम माझ्याकडे असते. माझ्या हाताला गुण आहे असे बायका म्हणतात. शेजारीण साखराबाई हिला विचारावे, तिच्या तिन्ही सुनांना मीच न्हाऊ घातले. त्या सगळ्या धडधाकट आहेत.

त्या दिवसांत कापसाची शेवटची वेचणी चालू होती. वाळलेल्या बोंडाचे टोक माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात नखाच्या मुळाशी घुसले व तिथे नखुरडे झाले. बोट सुजून आत पू धरला होता. त्यावर मी नेहमीचा इलाज केला, म्हणजे लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसून वर चिंधी बांधली. लिंबाने नखुरडे पिकते व फुटते. पिकले. मनिषा घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी फुटले.

मनिषाला न्हाऊ घालताना मी लिंबू काढून ठेवले, कारण ओल्या हाताने ते घसरते. बोट धुतले का, असे मॅडम विचारतात. बोट तिच्याच न्हाण्याच्या पाण्यात बुडत होते, तेवढे धुतले. ओवा-लसूण घालून कढवलेले तेल तिच्या पोटाला, कमरेला चोळले. ती म्हणाली, "आत्या, सिस्टर नगं म्हणल्यात टाक्याला." मी म्हणाले, "सिस्टर काय तुझी माय लागती का? गप पड." टाक्यांना त्याच बोटाने तेल लावले. पाचवीच्या आदल्या दिवसापर्यंत रोज लावले. मी तिचे वाईट करायला लावले नाही. पण ती नको म्हणाली होती हे खरे आहे, व मागच्या जबाबात हे नाही.

पाचवी पुजली त्या दिवशी सकाळी मनिषाला हुडहुडी भरली. दोन वाकळा घातल्या तरी दात वाजत होते. पोटात दुखते म्हणाली. मी म्हणाले, दूध भरून आलंय, सगळ्यांनाच येतं. ती म्हणाली, "आत्या, सिस्टरला फोन लावू का?" मी मोबाइल तिच्या उशाचा काढून वर फळीवर ठेवला. पाचवीला बायका जेवायला यायच्या होत्या. बाळंतीण आजारी आहे म्हटल्यावर कोणी जेवले नसते. बायका जेवल्या. तिच्या अंगाला हात लावून साखराबाई म्हणाली, "छबू, ही पोळतीय गं." मी तिला म्हणाले, "तू तुझी लापशी खा."

रात्री समाधान कारखान्यावरून आला. दुसऱ्या दिवशी मनिषा त्याला ओळखेना. हातपाय गार पडले, लघवी बंद झाली, बडबड सुरू झाली. समाधानने जीप केली. मोठ्या दवाखान्यात नेले तेव्हा तिथल्या डॉक्टर सौरभ यांना तिच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब लागेना, नुसते बटण दाबत होते. त्यांनी एकदम दोन-तीन सलाइनी लावल्या व तिचे रक्त काढून दोन बाटल्यांत भरले. मी विचारले, हे कशाला. ते म्हणाले, "आजी, जंतू रक्तात उतरलाय, त्याने अंगाचं काम बंद पडत चाललंय. कुठला जंतू हे ओळखायला पाहिजे."

मी म्हणाले, "मग बघा की भिंगातून."

"नुसतं बघून नाव कळत नाही. या बाटल्यांत त्याचं खाणं आहे. त्यात तो वाढला की मग ओळखता येतो, कुठलं औषध त्याला मारतं तेही कळतं."

"म्हंजे पेरायचं आन् उगवायची वाट बघायची. तवर माझ्या सुनेनं काय करावं?"

ते म्हणाले, "तोवर बहुतेक जंतूंना लागू पडतील अशी औषधं चालू केलीत." मग त्यांनी मला विचारले की घरात कोणाचा घसा धरलाय का, कोणाला गळू, फोड, पू झालेली जखम आहे का. मी नाही म्हणाले. तेव्हा माझा उजवा हात पदराखाली होता. मला माहीत नव्हते म्हणून नाही म्हणाले, की माहीत होते म्हणून, असे मॅडमनी दोनदा विचारले. माहीत नव्हते. पण हात पदराखाली होता.

मनिषा त्याच रात्री वारली. जंतू बाटलीत दुसऱ्या दिवशी उगवला.

माती देऊन आल्यावर मी वस्तीवरची माणसे घेऊन उपकेंद्रावर गेले. सिस्टर दुसऱ्या एका बाईला तपासत होती. मी तिला तोंडात मारली व म्हणाले, "तुझे हात लागले आन् माझी सून गेली." मागच्या पोरांनी खिडक्यांच्या काचा फोडल्या. तुम्ही तिला जातीवरून बोललात का, असे मॅडम विचारतात. जातीचे नाव मी घेतले नाही. घ्यायची गरज नव्हती. ऐकणारे सगळे गावचेच होते. सिस्टर खाली पडलेली कात्री उचलत होती, तिने माझ्याकडे पाहिले व परत कात्री उचलली. नंतर तिच्या बापाने मला फोन केला. शिव्या देईल असे वाटले, म्हणून घेतला. तो म्हणाला, "बाई, तुमच्या सुनेचं वाईट झालं. पण माझ्या पोरीला असं नगा करू." मी फोन ठेवला.

बाळंतीण मेली की दवाखान्याचे लोक चौकशीला घरी येतात, तसे आले. डॉक्टर सौरभ सोबत होते. रक्तात उगवलेला जंतू माणसाच्या घशात नाहीतर पिकलेल्या जखमेत राहणारा आहे, म्हणून ज्यांचा ज्यांचा हात बाळंतिणीला लागला त्यांची तपासणी करायची, असे ते म्हणाले. सिस्टरच्या घशातून, नाकातून, हातावरून कापसाची काडी फिरवून नेली होती. माझ्या घशातून नेली. मग म्हणाले, "आजी, तो हात बघू." बोट अजून वाहत होते. त्यातूनही काडी फिरवून नेली.

नंतर मला एकटीला बोलावून त्यांनी सांगितले की सिस्टरकडे तो जंतू नाही, तुमच्या बोटात आहे. मी विचारले, असले जंतू सगळीकडेच असतील की. ते म्हणाले, "असतात. म्हणून तिच्या रक्तातला आणि तुमच्या बोटातला, दोन्ही जंतू पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत ताडून बघितले. वाण एकच आहे." वर ते म्हणाले, तुमच्या बोटातूनच तिला गेला असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही, तिच्यातून तुमच्या बोटात आलेलाही असू शकतो. डॉक्टर भला माणूस आहे, मला पळायला वाट काढून देत होता. मी त्यांना म्हणाले, "बोट आधी पिकलं, ताप मागनं आला."

मी विचारले, पहिल्याच दिवशी बोट दाखवलं असतं तर? ते म्हणाले, "औषध त्याला लागू पडणारंच चालू होतं. फरक पडला नसता बहुतेक." मी विचारले, मग आदल्या दिवशी तिला घेऊन आले असते तर? डॉक्टर कागद चाळू लागले. मी उठले. मुलाला मी सांगू का, असे ते म्हणाले. मी म्हणाले, माझं मी सांगते.

सांगितले नाही. रोज भाकरी वाढली, सांगितले नाही. दवाखान्याचा कागद चौकशीच्या कमिटीपुढे जाऊन आज ना उद्या इथे येईलच, तोपर्यंत जेवढे दिवस निघतील तेवढे काढत होते. बोट बरे झाले आहे, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. तरी मनिषाच्या मुलीला मी हात लावत नाही. तिला साखराबाईची सून पाजते व न्हाऊ घालते. समाधानने मला विचारले, "आई, पोरगी झाली म्हणून तू तिला घेत न्हाईस का?" मी हो म्हणाले. तेही खोटे आहे.

काल जेवताना समाधान म्हणाला, "सिस्टरला कामावरनं काढलंय. आता गुन्हा दाखल झाला की मनिषाचा आत्मा शांत होईल." मी ताट सरकवले. सकाळी त्याला म्हणाले, मला ठाण्यावर सोड. मी सिस्टरविरुद्ध आणखी काही सांगणार असे त्याला वाटले. वाटेत गाडी थांबवून त्याने मला चहा पाजला. तो आता बाहेर बाकड्यावर बसला आहे, पोरगी त्याच्या मांडीवर आहे.

सिस्टर ज्योत्स्ना वाघमारे हिचा मनिषाच्या मरणात काही दोष नाही. तिने सांगितले तसे मी केले असते तर हा जबाब लागला नसता. तिला मारले याचा गुन्हा माझ्यावर लावावा, मी नाही म्हणणार नाही. तिची माफी मागता का, असे मॅडमनी विचारले. माफी कागदावर मागायची नसते. तिच्या दारात जाऊन मागेन, दार उघडले तर. समाधानवर काही कारवाई करू नये. त्याने आईवर विश्वास ठेवला, एवढेच त्याने केले.

लिहून झाल्यावर वनिता मॅडम जबाब हळू आवाजात वाचू लागल्या. मी म्हणाले, "पोरी, दार उघड आन् मोठ्यानं वाच. त्याच्या तोंडाकडं बघून मला हे सांगता येणार न्हाई." मॅडमनी दार उघडून पहिल्यापासून वाचले. अर्ध्यात समाधान मुलीला घेऊन दारात येऊन उभा राहिला व शेवटपर्यंत उभा होता. वाचून झाल्यावर तो मला जे बोलला ते मॅडम लिहून घेत होत्या, ते मी लिहू दिले नाही. ते माझे आहे. तेवढे सोडून बाकी सर्व मजकूर मी ऐकला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेला असून खरा आहे.

छबुबाई आश्रुबा राऊत हिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी

समक्ष
महिला हवालदार, पोलीस ठाणे सिरसाळा