साहेबांनी आग्रहच केला नाही

...मार्गदर्शन! अहो, नका काढू तो शब्द माझ्यापुढे, हात जोडतो! तुमच्या ओट्यावर घटकाभर टेकलो तर तुम्हीसुद्धा तेच, 'काय मामा, भाच्याला म्हणे मार्गदर्शन चांगलं मिळालं होतं?' मिळालं होतं ना! तुम्हाला सांगतो नाना, आमच्या देवपुरात पदवीधर पोराला नोकरी मिळत नाही, उन्हाळ्यात पाणी मिळत नाही, रॉकेल तर बघायलाही मिळत नाही, पण मार्गदर्शन? ते दारात येऊन मिळतं, भांडं घेऊन रांगेत उभंसुद्धा राहावं लागत नाही!... नको नको, वहिनी, चहा नको, आत्ता घेऊनच निघालोय, उगीच स्टोव्ह पेटवू नका... पेटवलात? बरं, तुमची मर्जी. तर काय सांगत होतो...

माझा भाचा अभिमन. आमच्या कुंदाअक्काचा एकुलता एक. बी. कॉम. झालेला, अक्षर असं की छापल्यासारखं, आणि घरात बसलेला. एम्प्लॉयमेंटचं कार्ड आहे, ते वेळच्या वेळी रिन्यू करून आणतो, कार्ड झिजलं पण कॉल येईना. आणि सरकारी जाहिरातीतलं वय, ते या पौषात संपायचं होतं! म्हणजे पौषानंतर पोरगा एकाएकी म्हातारा! त्यात आमचे मेहुणे, वनाभाऊ, कापसाच्या जिनात फिटर. आणि जीन हा हंगाम संपला की कायमचं बंद, असं मालक सांगून बसलेला. सकाळचा भोंगा अजून वाजतो. पण तो वाजायला लागला की अक्का हातातली भाकरी हातातच धरून उभी राहते, भोंगा संपेपर्यंत. नुसती ऐकते. आजारी माणसाचा श्वास ऐकावा ना, तशी!

अशा घरात जीवराम मास्तर आले. निवृत्त झालेले, धोतर स्वच्छ, हातात छत्री. दर रविवारी पांझरेच्या काठी लिंबाखाली पदवीधरांना फुकट मार्गदर्शन! आता नदीला पाणी नाही, पोरांना काम नाही, मास्तरांना घरात कोणी ऐकून घेत नाही... जमला वर्ग! मीही एकदा मागे जाऊन बसलो. मास्तर छत्री उगारून सांगतायत, "बाळांनो! नोकरी मागायची नसते, नोकरी देणाऱ्याला ती द्यावीशी वाटली पाहिजे! साहेब म्हणाले बसा, लगेच बसायचं नाही! साहेबांनी चहा मागवला, लगेच उचलायचा नाही! हावरट दिसलात की संपलं! घरचं वळण दिसलं पाहिजे, वळण!" पोरं भराभर लिहून घेतायत. मी शेजारच्याला हळूच विचारलं, "मास्तर स्वतः नोकरीला कसे लागले हो?" तो म्हणाला, "सासऱ्याच्या शाळेत."

तेव्हाच, तुम्हाला सांगतो, माझ्या मनात पाल चुकचुकली!

कारण बाकीच्या पोरांना हे शिकवायला लागत होतं, आमच्या अभिमनला हे बाळकडूतच मिळालेलं! आपल्याकडची रीत तुम्हाला मी काय सांगायची? कोणाकडे जेवायला गेलं की ताटावर हात आडवा धरायचा आणि 'नको, नको, पोट भरलं' म्हणायचं, पोटात कावळे ओरडत असले तरी! मग वाढणारा म्हणतो, 'घ्या हो', आपण म्हणायचं 'नको', तो म्हणतो, 'माझी शपथ', आपण म्हणायचं 'नको', मग तो आपला हात बाजूला सारून लाडू आदळतो आणि आपण 'अहो काय हे!' म्हणत तो खातो. याला म्हणतात जेवण! एकदाच विचारून पुढे गेला तो वाढपी नव्हे, वैरी! अक्काने पोराला हे असं घोटून शिकवलं की सगळ्या गल्लीत तिचं एकच कौतुक, "मना पोऱ्या लई गुणी शे! कोनापुढे हात पसरत नही!"

नाही पसरत ना! मित्राच्या लग्नाला गेला मुंबईला. पंगतीत वाढपी आला, जिलबी म्हणाला, आमचा म्हणाला 'नको', आणि तो वाढपी... खरंच पुढे गेला! परत आलाच नाही! भात आला, 'नको'. मठ्ठा आला, 'नको'. पोरगा परत आला तो दारातच म्हणाला, "मामा, भाकरी आहे का? तिकडे परत विचारतच नाहीत हो."

सगळे हसले. मीही हसलो. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच!

आणि मग आला कॉल. जळगावला. खताची एक नवी कंपनी, नाव नाही सांगत, उगीच कशाला. स्टोअरकीपरची जागा. घरात काय गडबड! अक्काने दह्याची कवडी हातावर ठेवली, वनाभाऊंनी स्वतःचे बूट दिले, ते पोराला मोठे, मग पुढे कागद कोंबला. आणि मास्तर? मास्तर थेट एसटी स्टँडवर! गाडी सुटली तरी खिडकीबरोबर पळतायत, "अभिमन! हावरट दिसू नकोस! वळण! वळण!"... अहो, छत्री अडकली हो त्यांची खिडकीत! पारोळ्यापर्यंत आमच्याबरोबर तशीच लटकत आली ती छत्री, तिथे मी ओढून आत घेतली!

पारोळ्याला गाडी बंद. ड्रायव्हर बॉनेट उघडून आत असा बघतोय, जसा डॉक्टर पेशंटकडे बघतो ना, नातेवाइकांकडे बघायच्या आधी! वारा सुटलेला, तोंडात धूळ, आणि अभिमन मांडीवर सर्टिफिकेटांची पिशवी घेऊन शांत बसलेला. मी म्हटलं, "अरे, जरा घाबर तरी!" म्हणाला, "नको मामा, मी तयार आहे." तयार आहे! असं शांतपणे नका हो म्हणत जाऊ कोणी!

कसेबसे जळगावला पोचलो. कंपनीच्या ऑफिसला ते अर्धं दार, वर उघडं, खाली उघडं, मध्ये तेवढं झुलतं. मी बाहेरच्या बाकावर. आत साहेबांचे नुसते बूट दिसतायत, टेबलाखाली, चकचकीत. आत जाणाऱ्या प्रत्येक पोराचे बूट त्या बुटांसमोर जाऊन उभे राहतात, थोड्या वेळाने मागे फिरतात. बाहेर आलेलं पोरगं कोणाकडे बघत नाही. शिपाई नाव पुकारतो ते असं लांबवून, की बाकावरचे सगळे आपापले पाय आत ओढून घेतात. "अभिमऽऽन..."

गेला आत. मी कान लावला. साहेब मद्रासकडचे, हिंदी बोलणारे. "बैठो." आमचा उभाच. "अरे, बैठो ना!" बसला! मी म्हटलं, वा! जमतंय की! साहेबांनाही आग्रह येतो! मग चहा आला. "चाय लो." "नो, थँक यू सर." मी बाहेर वाट बघतोय, आता साहेब म्हणतील 'अरे, लो भाई'... आणि टेबलावरून कप सरकल्याचा आवाज आला. नाना, साहेबांनी तो चहा स्वतः प्यायला!

इथे माझ्या मनात नुसती पाल नाही, पालीचं सगळं खटलं चुकचुकायला लागलं!

पण पुढे? पुढे पोराने काय उत्तरं दिली! गोणी फुटली तर कुठे नोंद करायची, ओली झाली तर कुठे, ट्रक रिकामा करताना मोजायचं कोणी आणि सही कोणाची, सगळं धडाधड! साहेब 'व्हेरी गुड', 'व्हेरी गुड'! बाकावरच्या पोरांचे चेहरे उतरले. मी मनातल्या मनात अक्काला सांगूनसुद्धा टाकलं, की अक्का, आता भोंगा वाजो न वाजो, तू भाकरी थाप! आणि साहेब म्हणाले, मी स्वतः ऐकलं, "तो मिस्टर अभिमन, मंडे से आओगे? ये पोस्ट लोगे?"

मी दाराखाली वाकलो.

आणि मग तो आवाज. तो लाजरा, गोड, ताटावर हात आडवा धरतानाचा आवाज... "नहीं सर. रहने दीजिए. आपको उगीच तकलीफ."

अहो!

साहेबांचा पाय हलायचा थांबला. "क्या? नौकरी नहीं चाहिए?" म्हणजे दुसऱ्यांदा विचारलं! मी बाकावर अर्धा उठलो, म्हण हो, म्हण हो, गाढवा! आणि आमचा मान खाली घालून, मी दाराखालून बघितलं, बुटाने फरशीवर रेघ ओढतोय, "नहीं सर, किसी और को दीजिए पहले..." फक्त आणखी एकदा, नाना! आणखी एकदा विचारलं असतं तर तो 'अहो काय हे सर' म्हणून नोकरी घेणार होता! ठरलेलंच होतं त्याचं! पण साहेब म्हणाले, "नेक्स्ट!"

साहेबांनी आग्रहच केला नाही हो!

मी दार ढकलून आत. म्हटलं, "साहेब, गैरसमज होतोय! वो नको बोला, उसका मतलब हो है!" साहेबांनी चष्मा काढला. "मतलब?" मी म्हटलं, "हमारे खानदेश में ऐसा ही है. पहले ना बोलने का, फिर आप बोलने का, फिर ना बोलने का, फिर आप हाथ पकड़ने का..." त्यांनी चष्मा परत घातला. मग अगदी शांतपणे म्हणाले, "और कल मैं फोन करूँगा, स्टोअर में माल आया? ये बोलेगा, नहीं आया. तो मैं क्या समझूँ? आया?"

आता याला काय उत्तर आहे? तुमच्याकडे असलं तर सांगा!... नको हो वहिनी, अर्धा कपसुद्धा नको, खरंच.

आमच्यामागचं पोरगं सावद्याचं, केळीच्या व्यापाऱ्याचं. ते आत जाताना दारातूनच 'यस सर' म्हणत गेलं. बस म्हणायच्या आधी बसलं, चहा प्यायलं, बिस्किटं खाल्ली, बशी पुसली. तेही आपल्याच मुलखातलं हो! पण केळीच्या धंद्यात नको-नको करत बसलं तर वॅगन भरायच्या आधी माल काळा पडतो. त्याला मार्गदर्शनच नव्हतं ना कोणाचं! लागलं नोकरीला.

परतताना गाडीत अभिमन एकच वाक्य बोलला. "मामा, मला वाटलं ते परत विचारतील."

घरी अक्काने नुसतं ताट वाढलं. मास्तर मात्र आले, छत्री घेऊन गेले, जाताना म्हणाले, "हरकत नाही, वळण तर दिसलं!"

आणि त्या दिवसापासून पोरगा बदलला. उलटाच झाला! कोणी काही म्हटलं की 'हो'! वाक्य संपायच्या आत 'हो'! रिखबचंद शेठ समाचाराला आले. मोठं किराणा दुकान, माणूस गोड. गल्लीतल्या प्रत्येक बेकार पोराला ते आजवर हेच म्हणत आलेत, "दुखी नको होऊ रे भाऊ, आपलीच दुकान शे! कधी बी ये, बठ!" आणि प्रत्येक पोराने आजवर हेच म्हटलंय, 'हो शेठजी, बघू.' तीही रीतच! बोलवायचं, पण यायचं नाही! आमच्याने काय म्हणावं?

"हो. उद्यापासून येतो."

शेठजींचं हसू जिथल्या तिथे थांबलं, नाना. दुकानातल्या वजनकाट्यासारखं, मधोमध! मी बघत होतो. इकडे अक्का मात्र पदराने डोळे पुसतेय, आणि मनात माझ्या... पाल. दुसरं काय!

तेव्हापासून जातो रोज. शेठजींकडे दोन मुनीम आहेत, काम शिल्लकच नाही. हा गादीच्या कोपऱ्यावर मांडी घालून बसतो. पगाराचं कोणी बोललेलं नाही. विचारायचं कसं? हावरट दिसेल! वर पौष संपला. जीन गेल्या पंधरवड्यात बंद झालं. भोंगा वाजत नाही, पण अक्का त्याच वेळेला भाकरी हातात धरून उभी राहतेच. आता घराची सगळी मदार त्या गादीच्या कोपऱ्यावर. आणि परवा शेठजींना वाटलं, पोरगा बसून बसून कंटाळला, तर म्हणाले, अगदी मायेनं, "अभिमन, कटाळना व्हशीन भाऊ, घर जाय ना!" हा म्हणाला, "नको शेठजी." आणि हा नको खरा होता हो! जन्मात पहिल्यांदा त्याने मनापासून नको म्हटलं! पण शेठजी पडले आपल्याच रीतीतले. त्यांना वाटलं, पोरगा संकोचतोय. काल परत म्हणाले, "जा रे, जा, संकोच नको करू!" हा म्हणाला, "नको."

कळतंय का तुम्हाला? दोनदा झालं! आज शेठजी पुन्हा म्हणणार! हाताला धरून उठवणार, आग्रह करणार! आणि इतक्या आग्रहानंतर आमच्या वळणाचं पोरगं 'नको' म्हणूच शकत नाही! 'अहो काय हे शेठजी' म्हणेल आणि येईल घरी, कायमचं! म्हणून तर मी घाईघाईने दुकानाकडे निघालो होतो, की बाहेर उभं राहून खूण तरी करावी, घट्ट बस, उठू नको! आणि वाटेत तुम्ही बोलावलंत, 'या मामा, टेका.' मी म्हणालो, 'नको, घाई आहे.' तुम्ही म्हणालात, 'या हो.' मी म्हणालो, 'नको.' तुम्ही हात धरलात... मग काय करणार? बसलो! आता काय, दुकान बंद व्हायची वेळ झाली. जे व्हायचं ते होऊन गेलं असेल.

जाऊ द्या. उठतो आता. बोलून बोलून घसा मात्र कोरडा पडला... हो, पण वहिनी, तो स्टोव्ह मघाशी फरफरत होता, त्याचा आवाज येईनासा झाला... विझवलात? कधी? मी दुसऱ्यांदा नको म्हणालो तेव्हा?

...तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती!