साडूचा गळका फिशटँक

आमच्या साडूला लोक हुशार म्हणतात ना, मग हे ऐका. गेवराईत कूलरचं दुकान हाय त्याचं. गिऱ्हाइकावर छाप पडावी म्हणून दुकानात फिशटँक मांडला. मे महिन्यात पाणी तापलं, मासे वर येऊन तोंड वासायला लागले. तवा ह्यानं झाकण काढून पाण्यावर टेबलफॅन लावला. मासे तरतरीत झाले, पण पाणी रोज बोटभर उतरायला लागलं.

"टँक गळतोय," साडू म्हणाला.

मी खाली हात फिरवला. फरशी ठणठणीत कोरडी. म्हणलं, "पाव्हणं, फॅनच्या वाऱ्यानं उडत असंल पाणी."

"तुमी शाळा शिकवा. दुकानातलं तुमाला काय कळतंय?"

मासे बादलीत काढले, त्यात दोन मेले. टँक सुकवून कोपऱ्या-कोपऱ्यात सिलिकॉन भरलं. पुन्हा पाणी, पुन्हा फॅन, पुन्हा बोटभर कमी. मग साडू टँकवाल्याला फोनवर झापत बसला. तेवढ्यात एक म्हातारा दुकानात आला.

"शेठ, तुमचा कूलर फुटका निघाला. सकाळी पाणी भरलं की सांजेला रिकामा."

साडूनं फोन बाजूला धरला आन् माझ्याकडं बघून हसला. "बाबा, वारं लागल्यावर पाणी उडनारच की! उडतं म्हनून तर गार लागतं. एवढं साधं कळंना व्हय तुमाला?"

म्हातारा खाली मान घालून गेला. साडूनं फोन परत कानाला लावला.

"हां, मग गळका टँक कधी बदलून देताव?"